काउंटरस्पेलचा निवाडा कसा करावा

दादरच्या हिंदू कॉलनीतल्या एका जुन्या इमारतीत आमचा डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा डाव दर रविवारी बसतो. हा फाशांवर चालणारा, पात्रे वठवत खेळायचा साहसाचा खेळ. त्या रविवारी मेगाब्लॉकमुळे कल्याणकर दोघे तासभर उशिरा पोहोचले आणि उरलेल्या वेळात मोठी लढाई उरकायची म्हणून सगळेच घाईत होते. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा आणि शत्रू खेळणारा डन्जन मास्टर, म्हणाला, "तो मांत्रिक तुमच्या मधोमध फायरबॉल टाकतो, सगळ्यांनी डेक्स्टेरिटीचा सेव्ह करा." चौघांनी सेव्हचे, म्हणजे बचावाचे, फासे टाकले, दोघे वाचले, दोघे सापडले, डीएमने सहा बाजूंचे आठ फासे ओंजळीत खुळखुळवले आणि तेवढ्यात विझर्ड, म्हणजे जादूगार, खेळणारी मैत्रीण म्हणाली, "थांब, मी काउंटरस्पेल मारतेय." काउंटरस्पेल म्हणजे समोरच्याचा मंत्र हाणून पाडणारा मंत्र. पुढची वीस मिनिटे वाद झाला. मंत्र पडून गेला असे एकाचे म्हणणे, मला विचारलेच कुठे असे तिचे म्हणणे. कुणीतरी ‘रडीचा डाव’ म्हटले आणि प्रकरण चिघळले.

बरीच वर्षे खेळल्यावर आणि अधूनमधून डीएमच्या खुर्चीत बसल्यावर माझे मत असे झाले आहे की काउंटरस्पेलवरची भांडणे फाशांच्या हिशेबावरून क्वचितच होतात, ती बोलण्याच्या क्रमावरून होतात. नियमपुस्तकात मंत्राचे वर्णन जेमतेम परिच्छेदभर आहे आणि ते बऱ्यापैकी स्पष्टही आहे. पण कोणी कोणते वाक्य आधी उच्चारायचे, मंत्राचे नाव केव्हा सांगायचे आणि समोरच्याने तोंड केव्हा उघडायचे, हे टेबलावर बसलेल्यांनाच ठरवावे लागते. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये नियम आणि शिस्त एकत्र दिली आहेत. मुख्य भर डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीवर आहे, कारण बहुतेक गट तीच खेळतात.

आधी आवृत्ती ठरवा

पाचव्या आवृत्तीचे काउंटरस्पेल दोन प्रकारचे आहे, २०१४ चे आणि २०२४ च्या सुधारित नियमांतले. दोन्हींत तो तिसऱ्या पातळीचा मंत्र आहे, दोन्हींत तो रिअ‍ॅक्शन वापरून, म्हणजे दुसऱ्याच्या कृतीवर लगेच प्रतिक्रिया देत, टाकतात आणि दोन्हींत अंतराची मर्यादा ६० फूट आहे. निकाल लावण्याची पद्धत मात्र पूर्ण वेगळी आहे. अर्ध्या गटाकडे जुने पुस्तक आणि अर्ध्यांकडे नवे असेल, तर प्रत्येक जण आपल्या आठवणीप्रमाणे बरोबर असतो आणि टेबलावर चुकीचा ठरतो. मोहिमेच्या पहिल्याच दिवशी एक आवृत्ती ठरवून ती गटाच्या व्हॉट्सॲपवर पिन करून ठेवावी.

मंत्र टाकत असल्याचे सांगा, नाव सांगू नका

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. काउंटरस्पेल मंत्राच्या परिणामावर चालत नाही, ते मंत्र टाकण्याच्या क्रियेवर चालते. समोरचा हात हलवत असतो, शब्द पुटपुटत असतो, त्या क्षणी ते मारायचे असते. त्यामुळे "तो फायरबॉल टाकतो, सेव्ह करा" हे वाक्यच सदोष आहे. त्यात क्रिया, नाव आणि परिणाम एका दमात उरकले जातात आणि मध्ये शिरायला फट राहत नाही.

योग्य वाक्य असे असते: "तो मांत्रिक मंत्र टाकतोय. बोटांच्या टोकांवर पिवळट ठिणग्या दिसतायत, हातात गंधकाचा वास येणारी गोळी आहे." यानंतर डीएमने थांबायचे. मनातल्या मनात तीनपर्यंत मोजले तरी पुरते. या विरामात कुणी "काउंटर" म्हटले तर पुढे जायचे, कुणी काही बोलले नाही तर नाव जाहीर करून सेव्ह मागायचा. नाव जाहीर झाल्यावर खिडकी बंद. मेंढीकोटात पान खाली पडल्यावर ते उचलता येत नाही, तसेच हे आहे.

हाच नियम उलट्या बाजूनेही लागू व्हायला हवा आणि इथे बहुतेक डीएम नकळत अन्याय करतात. खेळाडू म्हणतो, "मी पाचव्या पातळीचा कोन ऑफ कोल्ड टाकतो" आणि डीएम सगळे ऐकून घेऊन शांतपणे म्हणतो, "त्यांचा मांत्रिक काउंटर करतो." खेळाडूला अंदाजाने स्लॉट (मंत्र टाकण्याच्या मोजक्या संधींपैकी एक) जाळावा लागतो आणि डीएमला मात्र पत्ते बघून खेळता येते, हे बरोबर नाही. आमच्याकडे यावर चिठ्ठ्यांचा उपाय आहे. राजा-राणी-चोर-शिपाई खेळताना असतात तशा कागदाच्या घड्या मध्यभागी पडलेल्या असतात. खेळाडू मंत्राचे नाव आणि स्लॉटची पातळी चिठ्ठीवर लिहून ती पालथी ठेवतो आणि "मंत्र टाकतेय" एवढेच म्हणतो. डीएमने काउंटर करायचे की नाही हे ठरवल्यावर चिठ्ठी उलटायची. प्रत्येक मंत्राला हे करणे कंटाळवाणे होते, म्हणून समोर काउंटरस्पेल जाणणारा कुणी असेल तेव्हाच आम्ही चिठ्ठ्या काढतो.

चार गोष्टी तपासा

"काउंटर" हा शब्द उच्चारला गेला की फासा उचलण्याआधी चार प्रश्न विचारायचे.

पहिला, दिसतो आहे का? मंत्र टाकणारा डोळ्यांना दिसलाच पाहिजे. धुके, गडद अंधार, मध्ये आलेला खांब किंवा अदृश्य झालेला शत्रू, यांपैकी काहीही आड आले तर काउंटर नाही. आवाज ऐकू आला एवढे पुरत नाही.

दुसरा, अंतर ६० फुटांच्या आत आहे का? पाच फुटांचा एक चौकोन धरल्यास बारा चौकोन. तेरावा चौकोन म्हणजे ६५ फूट आणि तिथून फायरबॉल आरामात टाकता येतो, कारण त्याचा पल्ला १५० फूट आहे. हुशार शत्रू नेमका तिथे उभा राहतो.

तिसरा, टाकला जाणारा मंत्र मुळात जाणवण्याजोगा आहे का? २०२४ च्या नियमात हे स्पष्ट लिहिले आहे, की मंत्राला उच्चार, हस्तमुद्रा किंवा साहित्य यांपैकी काहीतरी लागत असले पाहिजे. २०१४ च्या मूळ मजकुरात हे नव्हते, पण २०१७ च्या पूरक नियमपुस्तकाने तोच अर्थ स्पष्ट केला. याचा सर्वांत मोठा फायदा सॉर्सररला, म्हणजे जन्मजात जादू असलेल्या मांत्रिकाला, होतो. सटल स्पेल हे मेटामॅजिक (मंत्राला मुरड घालण्याची युक्ती) वापरले की उच्चार आणि हस्तमुद्रा गळून पडतात. जुन्या नियमात साहित्य लागणारा मंत्र तरीही उघडा राहतो, म्हणजे सटल केलेल्या फायरबॉललाही अडवता येते. नव्या नियमात साधे साहित्यही गळते, फक्त किमतीचे किंवा खर्च होणारे साहित्य उरते. आणि खरी गंमत पुढे आहे. काउंटरस्पेलला स्वतःला फक्त हस्तमुद्रा लागते, त्यामुळे सटल केलेल्या काउंटरस्पेलला काउंटर करताच येत नाही.

चौथा, काउंटर करणाऱ्याकडे रिअ‍ॅक्शन शिल्लक आहे का आणि हात मोकळा आहे का? रिअ‍ॅक्शन फेरीत एकदाच मिळते आणि स्वतःची पाळी सुरू होताना परत येते. पळणाऱ्या गॉब्लिनवर ऑपर्च्युनिटी अटॅक मारला किंवा शील्ड मंत्र टाकला, तर ती गेली. हे कोण लक्षात ठेवणार? आम्ही कॅरमच्या सोंगट्या वापरतो. प्रत्येकासमोर एक सोंगटी, रिअ‍ॅक्शन वापरली की ती मध्ये सरकवायची, आपली पाळी आली की उचलून घ्यायची. खलनायकाला राणी दिलेली असते. राणी डीएमच्या पुढ्यातून हलली, की टेबलावर सगळे जण सावरून बसतात, कारण आता त्याचा काउंटर संपलेला असतो.

हाताची अट बरेच जण विसरतात. हस्तमुद्रा लागते पण साहित्य लागत नाही, अशा मंत्रासाठी एक हात खरोखर रिकामा असावा लागतो. एका हातात काठी आणि दुसऱ्यात खंजीर धरलेल्या विझर्डला नियमाने काउंटरस्पेल टाकता येत नाही. वॉर कास्टर ही फीट (पात्राचे खास कौशल्य) घेतली असेल तर ही अडचण सुटते. इतके काटेकोर राहायचे की नाही हे गटाने ठरवावे. मी स्वतः हाताच्या बाबतीत सैल असतो आणि अंतराच्या बाबतीत कडक.

मंत्र ओळखायचा असेल तर

२०१७ च्या त्याच पूरक पुस्तकात एक ऐच्छिक नियम आहे. समोरचा मंत्र टाकत असताना रिअ‍ॅक्शन खर्च करून अर्केनाचा (जादूच्या ज्ञानाचा) इंटेलिजन्स चेक, म्हणजे फासा टाकून कसोटी, करता येतो. गाठायचा आकडा १५ अधिक मंत्राची पातळी, म्हणजे तिसऱ्या पातळीच्या फायरबॉलला १८. तो मंत्र एखाद्या क्लासचा (पात्राच्या पेशाचा) म्हणून टाकला जात असेल आणि ओळखणारा त्याच क्लासचा असेल, तर दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. नीट वाचले तर यातली मेख लक्षात येते. ओळखण्यात रिअ‍ॅक्शन जाते, त्यामुळे जो ओळखतो तो स्वतः अडवू शकत नाही. एकाने ओळखायचे आणि दुसऱ्याने मारायचे, असे जोडीचे काम होते. त्या क्षणार्धात पहिला ओरडून दुसऱ्याला सांगू शकतो का, यावर नियम मौन बाळगतो. आम्ही एक शब्द ओरडायला परवानगी देतो. "आग!" चालते, "पाचव्या पातळीने वाढवलेला फायरबॉल आहे, चौथा स्लॉट जाळू नकोस" चालत नाही.

नवख्या गटाने हा नियम बाजूला ठेवला तरी बिघडत नाही. डीएमने वर्णनातून पुरेसा सुगावा द्यावा आणि पात्राने पूर्वी पाहिलेला किंवा स्वतःच्या वहीत असलेला मंत्र असेल, तर नाव सरळ सांगून टाकावे.

निकाल, २०१४ च्या पद्धतीने

समोरचा मंत्र तिसऱ्या किंवा त्याहून खालच्या पातळीचा असेल, तर तो फासा न टाकता निष्फळ होतो. चौथ्या किंवा वरच्या पातळीचा असेल, तर काउंटर करणाऱ्याने आपल्या मंत्रविद्येच्या क्षमतेचा चेक करायचा आणि गाठायचा आकडा १० अधिक त्या मंत्राची पातळी. काउंटरस्पेल वरच्या स्लॉटने टाकले असेल, तर त्या स्लॉटइतक्या पातळीपर्यंतचे सगळे आपोआप अडते. मंत्राची पातळी म्हणजे तो ज्या स्लॉटने टाकला तिची पातळी. पाचव्या स्लॉटने टाकलेला फायरबॉल पाचव्या पातळीचा धरायचा.

आकड्यांत पाहू. इंटेलिजन्सचा मॉडिफायर (फाशात मिळवायचा आकडा) अधिक ४ असलेला विझर्ड तिसऱ्या स्लॉटने अडवतो आहे. पाचव्या पातळीच्या मंत्राला १५ हवेत, म्हणजे फाशावर ११ किंवा जास्त, शक्यता ५० टक्के. सातव्या पातळीला १७ हवेत, शक्यता ४० टक्के. नवव्या पातळीला १९ हवेत, तरीही ३० टक्के शक्यता उरतेच. जगाचा शेवट करणारा मंत्र तिसऱ्या पातळीच्या एका स्लॉटवर तीस टक्क्यांनी अडतो, हे डीएमने लढाई रचतानाच लक्षात घ्यावे.

हा चेक ॲबिलिटी चेक आहे, हल्ला नव्हे. म्हणून फाशावर २० आले तरी आपोआप यश नाही आणि १ आला तरी आपोआप अपयश नाही. प्रोफिशियन्सी बोनस (सरावामुळे मिळणारी भर) साधारणपणे मिळत नाही. ॲब्जुरेशन शाखेच्या विझर्डला पात्राच्या दहाव्या लेव्हलपासून मिळतो. बार्डने, म्हणजे गाणाऱ्या मांत्रिकाने, मॅजिकल सीक्रेट्स या क्षमतेतून हा मंत्र घेतला असेल, तर त्याचे जॅक ऑफ ऑल ट्रेड्स इथे लागू पडते आणि अर्धा बोनस पदरात पडतो. करिझ्मावर चालणाऱ्याने आधी ग्लिबनेस हा मंत्र टाकून ठेवला असेल, तर फाशाऐवजी १५ धरता येतात. मॉडिफायर ५ असेल तर २० होतात आणि नवव्या पातळीचा मंत्रही चुकत नाही.

मंत्र अडला की टाकणाऱ्याचा स्लॉट गेला आणि ॲक्शन, म्हणजे पाळीतली मुख्य कृती, हीही गेली. खेळाडूच्या बाबतीत हे झोंबते. अर्धा तास पाळीची वाट पाहायची आणि हाती काहीच नाही. म्हणून मी डीएम असताना एका लढाईत काउंटरस्पेल जाणणारा एकच शत्रू ठेवतो.

निकाल, २०२४ च्या पद्धतीने

इथे ओझे उलट बाजूला जाते. मंत्र टाकणाऱ्याने कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह करायचा, काउंटर करणाऱ्याच्या स्पेल सेव्ह डीसीविरुद्ध, म्हणजे त्याच्या मंत्रांविरुद्ध गाठायच्या आकड्याविरुद्ध. नापास झाला तर मंत्र विरतो आणि ॲक्शन, बोनस ॲक्शन किंवा रिअ‍ॅक्शन जे वापरले ते वाया जाते, पण स्लॉट शिल्लक राहतो. मंत्राच्या पातळीचा संबंधच उरत नाही, त्यामुळे वरच्या स्लॉटने काउंटर करण्यात काही अर्थ नाही.

यातून लढाईचा डौल बदलतो. नवव्या लेव्हलच्या विझर्डचा डीसी समजा १७ आहे. कॉन्स्टिट्यूशन सेव्ह अधिक ३ असलेला मांत्रिक १३ किंवा कमी पडल्यास नापास होतो, म्हणजे ६५ टक्के. तोच अधिक १० असेल तर ३० टक्केच. सॉर्सररला कॉन्स्टिट्यूशनच्या सेव्हमध्ये प्रोफिशियन्सी असते, त्यामुळे त्याला अडवणे विझर्डला अडवण्यापेक्षा अवघड होते. ज्याच्याकडे लेजंडरी रेझिस्टन्स आहे, तो नापास सेव्ह पास करून घेऊ शकतो, कारण आता हा सेव्हच आहे. वॉर कास्टरचा फायदा मात्र इथे धरायचा नाही, तो चालू मंत्रावरचे कॉन्सन्ट्रेशन टिकवण्यापुरता आहे. ही चूक मी स्वतः तीन रविवार केली.

काउंटरला काउंटर

साखळी लागली की गोंधळ उडतो, पण तत्त्व मुंबईकराला शिकवावे लागत नाही. लोकलमध्ये जो शेवटी चढतो तो दारात असतो आणि पहिला उतरतो. काउंटरची साखळीही शेवटच्या मंत्रापासून मागे मागे उलगडत यायची.

२०१४ च्या नियमांतले उदाहरण घेऊ. आपली विझर्ड पाचव्या पातळीचा कोन ऑफ कोल्ड टाकते. खलनायक तिसऱ्या स्लॉटने काउंटर करतो. आपला वॉरलॉक (आणखी एक प्रकारचा मांत्रिक) त्या काउंटरला काउंटर करतो. खलनायकाचा शिष्य तिसऱ्या स्लॉटने वॉरलॉकच्या काउंटरला काउंटर करतो. आता कुणी बोलत नाही. वॉरलॉकचे स्लॉट पाचव्या पातळीचे आहेत, म्हणून शिष्याला १५ गाठावे लागतात. समजा त्याला १२ पडले. शिष्य फसला, म्हणून वॉरलॉकचे काउंटर टिकले. खलनायकाचे काउंटर तिसऱ्या पातळीचे, ते आपोआप पडले. विझर्डचा मंत्र सुटला. खलनायकाला १५ चा चेक करण्याची संधीच मिळाली नाही.

यात एक शिस्त कडकपणे पाळायची. समोरच्याने चेक करण्याआधी काउंटर जाहीर झाले पाहिजे. "त्याला फासा टाकू दे, पास झाला तर मी अडवतो" असे म्हणता येत नाही. आधी सगळ्या घोषणा, मग सगळे फासे.

स्वतःच्या पाळीत स्वतःच्या मंत्राला वाचवता येते का? २०१४ मध्ये येते, रिअ‍ॅक्शन स्वतःच्या पाळीतही वापरता येते. अपवाद बोनस ॲक्शनचा आहे. त्या पाळीत बोनस ॲक्शनने मंत्र टाकला असेल, तर एका ॲक्शनच्या कॅन्ट्रिपशिवाय (स्लॉट न लागणाऱ्या छोट्या मंत्राशिवाय) दुसरा मंत्र टाकता येत नाही, म्हणजे काउंटरही नाही. २०२४ मध्ये एका पाळीत मंत्रासाठी एकच स्लॉट खर्च करता येतो, त्यामुळे स्लॉटने मंत्र टाकणाऱ्याला त्याच पाळीत स्लॉटने काउंटर करता येत नाही असाच निर्णय मी देतो. रक्षण सोबत्याने करायचे.

कडेचे प्रश्न

वँडमधून किंवा काठीतून टाकलेल्या मंत्राला सहसा उच्चार, मुद्रा, साहित्य काही लागत नाही, म्हणून तो अडवता येत नाही. स्क्रोल वाचताना मात्र फक्त साहित्य माफ असते, त्यामुळे तो अडवता येतो. ड्रॅगनचा फूत्कार हा मंत्रच नव्हे. अलीकडच्या अनेक राक्षसांच्या पत्रकात मांत्रिकांचे नेहमीचे हल्लेही मंत्र म्हणून दिलेले नसतात, तेव्हा डीएमने "मंत्र टाकतोय" असे म्हणूच नये, नाहीतर खेळाडू उगाच हात उचलतो.

तिसऱ्या आवृत्तीच्या काळातले, म्हणजे ३.५ चे खेळाडू भेटले तर त्यांच्या डोक्यात वेगळेच चित्र असते. तिथे आधी ॲक्शन राखून ठेवावी लागे, स्पेलक्राफ्टने मंत्र ओळखावा लागे आणि नेमका तोच मंत्र टाकून तो छेदावा लागे, किंवा डिस्पेल मॅजिकचा आधार घ्यावा लागे. पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीतही काउंटरस्पेल ही फीट घेतलेल्या विझर्डला तोच मंत्र तयार असावा लागतो आणि मग काउंटरॅक्ट चेक होतो. त्यात साधे यश आपल्यापेक्षा एक पातळी वरपर्यंत पुरते आणि क्रिटिकल यश तीन पातळ्या वरपर्यंत.

राहिला त्या रविवारचा दादरचा वाद. सेव्हचे फासे पडल्यावर काउंटर मागितले, म्हणून ते उशिराचे होते. डीएमने थांबायला जागा दिली नाही, म्हणून चूक त्याची होती. दोन्ही बाजूंचे खरे धरून शेवटी आम्ही लढाई त्या क्षणाला मागे नेली आणि तिने स्लॉट खोडला. तेवढ्यात लोकल गाठायची म्हणून दप्तर आवरणाऱ्या एका कल्याणकराने सहज बोट ठेवून नकाशावरचे चौकोन मोजले. मांत्रिक तेराव्या चौकोनात उभा होता.